कडी न लावणाऱ्या दातार बाई

आमच्या जिन्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. एक आमचं. दुसरं दातार बाईंचं होतं, आणि त्यावर पाटी होती: ‘दार लोटलेले आहे, उघडे नाही. बेल वाजवावी.’ पुण्यात दारावरची पाटी वाचून कोणी दचकत नाही. मीही दचकले नाही. समोर एक चिडक्या बाई राहतात एवढं लक्षात घेतलं आणि आपल्या कामाला लागले.

कर्वेनगरच्या या सोसायटीत आम्ही नवीनच राहायला आलो होतो. एकदा कुरिअरवाला दातार बाईंचं पाकीट आमच्या नावावर खपवून गेला. ते द्यायला गेले तेव्हा माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या, म्हणून कोपराने दारावर थाप मारली. दार सताड उघडलं आणि मी पिशव्यांसकट त्यांच्या हॉलमध्ये उभी. बाई खिडकीशी मटार सोलत बसल्या होत्या. दचकल्या नाहीत, उठल्याही नाहीत.

"पाटी वाचता येते ना?"

"हात मोकळे नव्हते."

"वाचायला हात लागत नाहीत."

त्यांनी पाकीट घेतलं आणि बाजूला ठेवलं. मी म्हटलं, "कडी लावत जा हो. दिवसाढवळ्या चोऱ्या होतात इकडे."

"होऊ देत. चोर आला तर निदान कोणीतरी आलं असं होईल," त्या म्हणाल्या. मग माझ्या मागच्या दाराकडे बघून म्हणाल्या, "बरं, ठेवते."

काय ठेवतात ते मला कळेना. मटार खाली ठेवतात की काय म्हणून मी थोडा वेळ थांबले. नंतर समजलं की हा शब्द म्हणजे निरोप. दातार बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. ट्रंक कॉल जोडायच्या त्या काळात त्यांनी तिथे नोकरी धरली. तीन मिनिटं झाली की मध्ये जाऊन विचारायचं, वाढवायचे का. नको म्हटलं की तोडायचं. कोणाची आई रडतेय, कोणाचं लग्न ठरतंय, कोण नुसतंच ‘बाकी काय’ म्हणतंय, सगळं कानावर पडायचं, आणि तीन मिनिटांनी सगळं सारखंच तुटायचं. ती यंत्रं गेली, ट्रंक कॉल गेले, पण बाईंचं घड्याळ तसंच राहिलं. समोरासमोर बोलतानाही थोड्या वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव यायचा आणि त्या ‘ठेवते’ म्हणून दार लोटून घ्यायच्या. लोटून. त्यानंतर कडीचा आवाज कधी आला नाही.

उंच, सडसडीत, रंगाने सावळ्या. केस पोरासारखे बारीक कापलेले. त्यांच्या वयाच्या बायका आमच्या सोसायटीत एकतर अंबाडा घालतात नाहीतर मेंदी लावतात, त्यामुळे त्या उठून दिसायच्या. मी एकदा केस छान दिसतात म्हटलं, तर म्हणाल्या, "दिसायला नाही कापले. हॉस्पिटलवाल्यांना भादरायला सोपे." तेव्हा तो मला त्यांचा खवचटपणा वाटला.

बाकी गोष्टीही जरा विचित्रच होत्या. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे त्या साखर पावशेर घ्यायच्या, तांदूळ अर्धा किलो. लोणचं कधी घातलं नाही, कारण लोणचं मुरायला वेळ लागतो. खिडकीत कुंडी नाही. जिन्यातली मांजर त्यांच्या पायाशी येऊन बसायची. तिला बशीभर दूध द्यायच्या, पण घरात घ्यायच्या नाहीत. "सवय लागेल," म्हणायच्या. मांजरीला की स्वतःला, ते सांगायच्या नाहीत. घरात सामान इतकं कमी की बोललं तर भिंतींवरून आवाज परत यायचा. आमच्याकडे माझा नवरा, सासूबाई, कॉलेजात जाणारा मुलगा आणि त्या सगळ्यांचा पसारा. समोरून येताना मला प्रत्येक वेळी आपण बाजारात शिरतोय असं वाटायचं.

या सगळ्याचा उलगडा त्यांनी स्वतःच केला, अर्थात कामापुरता.

मी गाडी शिकवते. माझं छोटं ड्रायव्हिंग स्कूल आहे, शिकणाऱ्या बहुतेक बायका. पहिली तुकडी सकाळी सव्वासातला असते. एका रविवारी दातार बाईंनी आमची बेल वाजवली आणि उंबऱ्याबाहेर उभं राहूनच म्हणाल्या, "पाटणकर, तुम्ही रोज सातला घरात असता. मी बघितलंय. एक काम आहे. तीन मिनिटं लागतील."

मी आत या म्हटलं. त्या आल्या नाहीत.

"माझे वडील ऑफिसात टेबलावर डोकं टेकून गेले. डोक्यात रक्तस्राव. तेव्हा आतलं बघायची यंत्रं नव्हती, डॉक्टर म्हणाले ते खरं. मी शाळेत होते. मग माझा धाकटा भाऊ, श्रीकांत. धनकवडीला राहायचा. त्याची बायको लेकीला घेऊन माहेरी गेली होती. तो घरात पडला. आतून कडी. दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाही म्हणून मी गेले, सुतार आणला, दार फोडलं. जिवंत होता. मेंदूच्या भोवती रक्त पसरलेलं. असं झालं की बहुतेकदा एखाद्या शिरेला फुगा आलेला असतो, तो फुटतो. त्याचा फुगा सापडलाच नाही. दोनदा शोधला, नाहीच."

"मग रक्त आलं कुठून?"

"तेच मी विचारलं. म्हणाले, सांगता येत नाही. काल आणलं असतं तर काही करता आलं असतं, एवढं मात्र त्यांना सांगता आलं." त्यांनी आमच्या दाराच्या कडीकडे बघितलं, पितळी, जाड, सासूबाईंच्या पसंतीची. "आता घराण्यात मी आहे. मला होणार की नाही ते कोणाला माहीत नाही. पण झालं तर सुताराची वाट बघत पडायचं नाही. म्हणून कडी लावत नाही. पण नुसती कडी न लावून भागत नाही ना, कोणीतरी दार ढकलायलाही हवं. तर रोज सातला मी घंटा वाजवीन. वाजली नाही तर तुम्ही आत यायचं. त्या दिवशी बेल वाजवायची गरज नाही."

"घंटा कशाला? मला एक मिस्ड कॉल देत जा की."

"फोनवर आयुष्य काढलंय मी. लागला नाही म्हणजे माणूस गेलं असं नसतं, लाइन खराब असते. घंटेला लाइन नसते." मग जाता जाता म्हणाल्या, "श्रीकांतच्या मुलीला, सईला, यातलं तिच्या वडिलांपुरतंच माहीत आहे. आजोबांचं नाही. ते तसंच राहू दे. बरं, ठेवते."

दुसऱ्या दिवसापासून घंटा सुरू झाली. साधी देवपूजेची पितळी घंटा, त्यांच्या आईची. गंमत म्हणजे घरात देव नव्हते. आई गेल्यावर बाईंनी देव चुलतभावाला देऊन टाकले होते. घंटा त्याच्याकडे एक होतीच, म्हणून ही राहिली. सात वाजता ती पाच-सहा ठोके वाजायची, घाईघाईत, कोणीतरी मागे लागल्यासारखी. मी कणीक मळता मळता ऐकायची आणि पुढच्या कामाला लागायची. माझा नवरा म्हणाला, "देव नाहीत तर घंटा ऐकतं कोण?" मी म्हटलं, "मी."

सोसायटीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सगळ्यांचा समज असा झाला की दातार बाईंचं देवाचं फार कडक आहे. खालच्या मजल्यावरचे सबनीस आमचे सेक्रेटरी. ते तर घंटेवर चहा टाकायचे. नव्या भाडेकरूंना सांगायचे, "आमच्या दातार बाईंची पूजा म्हणजे पूजा. घड्याळ लावून घ्या." त्यामुळे बाईंकडे अधूनमधून प्रसाद यायला लागला, कोणाकडून तिरुपतीचा लाडू, कोणाकडून सत्यनारायणाचा शिरा. एका गणपतीत सबनीस खास वर आले, सोसायटीच्या गणपतीची पहिली आरती तुम्ही करायची म्हणून.

"मला आरती पाठ नाही," बाई म्हणाल्या.

"हाच तर तुमचा मोठेपणा," सबनीस म्हणाले.

ते गेल्यावर बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खरं बोलून काही उपयोग नसतो, पाटणकर." पहिली आरती त्यांनीच केली. हातात तबक, ओठ बंद, नजर गणपतीच्या सोंडेच्या थोडी वर, भिंतीवरच्या घड्याळावर.

घंटा एकदाच चुकली. मी कणकेच्या हातांनी धावत समोर गेले, दार ढकललं. बाई जमिनीवर बसल्या होत्या, घंटा मांडीत उलटी धरून. आतला लोलक तुटला होता आणि त्या तो तारेने बांधत होत्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांनी वर बघितलं.

"म्हणजे तुम्ही खरंच येता," त्या म्हणाल्या.

"ठरलं होतं ना."

"ठरवतात बरेच जण." मग दाराच्या मुठीकडे बघून म्हणाल्या, "कणीक पुसून जा."

आभार वगैरे काही नाही. संध्याकाळी मात्र आमच्या मुठीला एक पिशवी लटकलेली होती, आत पावशेर पेढे. दातार बाईंच्या हिशेबात पावशेर म्हणजे पुष्कळ.

सई रविवारी यायची. शिकायला आईबरोबर सांगलीला होती, मग इथे आयटीत लागली, लग्न झालं, विश्रांतवाडीला राहायला गेली. शहराच्या दुसऱ्या टोकावरून दोन बस बदलून, नंतर स्कूटरवर यायची. बडबडी, हसरी, आत्यासारखीच उंच. तिच्यासाठी बाई साबुदाण्याची खिचडी करायच्या, समोर बसून ती खाताना बघायच्या, आणि बशी रिकामी झाली की, "बरं, निघ आता. ट्रॅफिक लागेल." दुपारी बाराला कसला ट्रॅफिक. एकदा जिन्यात ती माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "काकू, आत्या मला घालवते. मी काही केलंय का हो?"

मी काय सांगणार? मी म्हटलं, "सगळ्यांनाच घालवते. तुला खिचडी तरी मिळते."

पण नंतर मी बाईंना विचारलं. एरवी मी असं विचारत नाही, दुसऱ्याच्या घरात डोकावायची मला हौस नाही. त्या म्हणाल्या, "लळा लागला की माझं झालं तेव्हा तिला दुसऱ्यांदा होईल. आणि माझ्याकडे रोज बघायला लागली की आपलंही असंच होणार असं वाटायला लागेल तिला. त्यापेक्षा आत्या तिरसट आहे, हे बरं."

"आणि तुमचं?"

"माझं काय? मी ठरवून टाकलंय सगळं." आणि खरंच ठरवलेलं होतं. कागदपत्रं, घर, देहदान, कोणाला कळवायचं, कोणाला नाही. लग्नाचंही त्यांनी असंच निकालात काढलं होतं. टेलिफोन खात्यातल्या एका गृहस्थांनी त्यांना विचारलं होतं. बाईंनी त्यांना घराण्याचं सांगितलं. "म्हणाले, विचार करून सांगतो. अजून करत असतील."

आणि मग एका मंगळवारी ते झालं.

सकाळची घंटा नेहमीसारखी वाजली होती, हे मुद्दाम सांगायला हवं. मी दोन तुकड्या उरकून साडेअकराला घरी आले होते. बेल वाजली. दार उघडलं तर दातार बाई. एका हाताने चौकट धरलेली, चेहरा पांढराफटक, डोळे अर्धवट मिटलेले.

"डोक्यात मागून कोणीतरी दगड घातल्यासारखं झालं," त्या सावकाश म्हणाल्या. "तेच आहे. पण मी अजून आहे, पाटणकर."

"बसा. खाली बसा आधी."

"पुढे काय करायचं ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी इथपर्यंतच ठरवलं होतं."

माझी शिकवायची गाडी खालीच उभी होती. सासूबाईंनी आणि मी त्यांना लिफ्टने उतरवलं. ती गाडी कशी असते ते शिकलेल्यांना माहीत असेल: डाव्या बाजूला, शिकवणाऱ्याच्या पायाशी, आणखी एक ब्रेक आणि क्लच. बाई त्याच जागेवर बसल्या. कर्वे रस्त्याला लागल्यावर त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "माझ्या पायाखाली काय आहे?"

"ब्रेक. पाय लावू नका."

त्यांनी दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली आणि हॉस्पिटल येईपर्यंत तशाच बसल्या, देवळात कीर्तनाला बसावं तशा. मी आयुष्यात इतका हॉर्न कधी वाजवला नाही. शिकणाऱ्यांना मी हॉर्नला हात लावू देत नाही.

तपासणीत मेंदूभोवती रक्त दिसलं. अँजिओग्राफी झाली. फुगा नाही. काही दिवस थांबून पुन्हा केली. नाही. दुखणं औषधांनी हळूहळू उतरलं. हात, पाय, बोलणं, आठवण, सगळं जागच्या जागी. सई पहिल्या दिवसापासून तिथेच होती, तिला तेव्हा पाचवा महिना होता.

डॉक्टर तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, या प्रकारात रक्त बहुधा एखाद्या बारीक शिरेतून झिरपतं, नेमकं कुठून ते पुष्कळदा सापडत नाही, आणि असे रुग्ण सहसा चांगले बरे होतात. घरात आणखी कोणाला झालं होतं का, त्यांनी विचारलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग सईकडे. आणि म्हणाल्या, "भावाला. आणि वडिलांना."

"आजोबांना?" सई म्हणाली.

"वडिलांचं तपासलेलं नव्हतं," बाई डॉक्टरांनाच सांगत राहिल्या. "भावाचं तपासलं. फुगा नव्हता."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, फुगा नसताना एका घरात दोघा-तिघांना होणं फार दुर्मिळ आहे, पण होतं. रक्तात ते उतरतं का, कसं उतरतं, याची आम्हाला नीट माहिती नाही. सांगू शकेल अशी तपासणीही नाही. सईने रक्तदाब नियमित बघावा, तंबाखू-सिगारेटच्या जवळ जाऊ नये, आणि असं अचानक, कधी नव्हे असं डोकं दुखलं तर एक तासही घरी काढू नये. बाळंतपणाच्या डॉक्टरांनाही हे सांगून ठेवावं.

"आणि मला परत?" बाईंनी विचारलं.

"सहसा नाही."

"मग मी आता काय करायचं?"

"काही नाही. नेहमीसारखं राहायचं."

डॉक्टर गेल्या. बाई छताकडे बघत पडल्या होत्या. म्हणाल्या, "एवढंसंच होतं होय." त्या आवाजात सुटका नव्हती. कोणीतरी आपल्याला फसवलंय आणि कोणावर चिडायचं ते कळत नाही, असा तो आवाज होता.

सई मात्र चिडली. "म्हणून तू मला लांब ठेवलंस? इतकी वर्षं?"

"तू लहान होतीस."

"मी तेहेतीस वर्षांची आहे, आत्या."

"तेच तर. कधी सांगायचं ते राहूनच गेलं."

सई उठून बाहेर गेली. मला वाटलं रडायला. बघते तर कॉफीच्या मशीनपाशी उभी राहून कोणाला तरी फोनवर रक्तदाब मोजायचं यंत्र मागवायला सांगत होती. दातारांची मुलगी.

बाई घरी आल्या. दुसऱ्या दिवशी सात वाजले, घंटा नाही. मी धावत समोर गेले. बाई खिडकीशी बसल्या होत्या, पुढ्यात काही नाही, ना भाजी, ना पेपर. घंटा कोनाड्यात.

"आता कशाला?" त्या म्हणाल्या. "होऊन गेलं."

मी वाद घातला नाही. पण चार दिवस घंटा नाही म्हटल्यावर सोसायटीत कुजबुज सुरू झाली. त्या आजारी होत्या हे लोकांना माहीत होतं, पण घरी आल्यावरही पूजा बंद म्हणजे दुसरं कारण एकच. सुतक. पाचव्या दिवशी सबनीस आणि त्यांची बायको वर आले, पांढऱ्या कपड्यांत, चेहरे ठेवणीतले. मी तिथेच होते, बाईंना वरणभात द्यायला गेले होते. सबनीस खुर्चीच्या कडेवर टेकले, घसा साफ केला.

"फार वाईट झालं. आम्हाला आजच कळलं. कोण गेलं?"

"कोणी नाही," दातार बाई म्हणाल्या. "तीच पंचाईत आहे."

सबनीसांना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी वरणाच्या पातेल्याकडे. ते निघून गेले. त्यानंतर बाई हसल्या. मी त्यांना मोठ्याने हसताना तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. हसताना डोक्यावर ताण नको म्हणून त्या आजवर हसायच्याही बेताने. हसत राहिल्या, आणि मग त्याचं दुसरंच काहीतरी झालं. मी पातेलं ठेवून त्यांच्या शेजारी बसले. पाठीवरून हात वगैरे मी फिरवला नाही, त्यांना आवडलं नसतं. नुसती बसले. तीन मिनिटं होऊन गेली, त्यांनी ‘ठेवते’ म्हटलं नाही.

त्यानंतरचे काही महिने मला त्यांच्याकडे बघवत नसे. दुखणं नव्हतं, औषधं किरकोळ होती. पण ज्याची तयारी करण्यात दिवस जायचा तेच संपलं होतं, आणि दुसरं काही त्यांनी कधी घरात येऊ दिलं नव्हतं. एकदा वाण्याकडे त्या माझ्या पुढे उभ्या होत्या. पोऱ्याने सवयीने साखरेची पावशेराची पुडी बांधली. त्या म्हणाल्या, "थांब." आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. मागे रांग. किती साखर घ्यावी हे त्यांना खरोखरच ठरवता येत नव्हतं. शेवटी पावशेरच घेतली.

सईला मुलगा झाला. तिची रजा संपत आली तेव्हा एका रविवारी ती बाळाला घेऊन आली, बाईंच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "पाळणाघरात मला ठेवायचा नाहीये. तू ये."

"मला पोरांचं काही कळत नाही."

"मलापण नाही."

"आणि मला काही झालं तर? तो घरात एकटा."

"डॉक्टर म्हणाल्या ना, सहसा नाही."

बाई माझ्याकडे वळल्या. "पाटणकर, ‘सहसा’वर विश्वास ठेवायचा असतो का हो?"

मी म्हटलं, "मी रोज शिकाऊ बायकांच्या शेजारी बसते. मी त्याच्यावरच चालते."

आठवडाभरात त्या सईकडे राहायला गेल्या. सामान एवढं कमी होतं की माझ्याच गाडीत दोन खेपांत झालं. घर भाड्याने दिलं. आता तिथे दोन मुलं राहतात, कानात सतत काहीतरी घालून, दहाला उठतात, आणि कडी लावतात. घंटा बाईंनी सबनीसांना देऊन टाकली. त्यांना भरून आलं. मला काही दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. सात वाजता मी अजून जरा थांबते, कणकेत हात तसेच ठेवून. सवय आहे, जाईल.

परवा आळंदी रस्त्याकडे एका बाईची लायसन्सची परीक्षा होती, म्हणून परत येताना विश्रांतवाडीला गेले. बेल वाजवल्यावर आतून खूप वेळ खुडबूड झाली. दोन कड्या, एक साखळी. मग दार उघडलं. दातार बाई कडेवर मूल घेऊन उभ्या. केस वाढले होते, कानांवर आले होते. मुलाने त्यातलीच बट मुठीत धरली होती.

"बेल वाजवलीत," त्या म्हणाल्या. "सुधारलात."

बसले. चहा त्यांनी एका हाताने केला. मुलगा खाली ठेवला की दाराकडे रांगत सुटायचा. त्याला परत आणायचा, पुन्हा तेच. बोलणं त्याच्या मागे-मागेच चाललं होतं. मी विचारलंच, "दिवसभर आतून कडी? सगळ्या?"

"दार लोटून ठेवलं तर हा थेट जिन्यात."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"सईकडे किल्ली आहे. बाराला आणि चारला फोन करते. आतल्या कड्या आणि साखळी किल्लीने निघणार नाहीत, ते मला माहीत आहे." त्यांनी मुलाच्या पायातला मोजा ओढून सरळ केला. "सुतार लागेल. पण आधी जिना आहे."

इतकी वर्षं जिवाच्या कराराने उघडं ठेवलेलं दार त्यांनी आपल्या हाताने बंद केलं होतं, आणि कशासाठी ते समोर मोज्याने फरशी पुसत फिरत होतं. त्याच्या अंगात तेच रक्त आहे. तेही त्यांना माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि घर दुपारच्या वेळी फार शांत होतं, त्यांच्या जुन्या घरापेक्षाही.

"ये-जा असते का इथे कोणाची?" मी विचारलं.

"तुमची झाली आज."

मी निघाले. त्या मुलाला कडेवर घेऊन दारापर्यंत आल्या. त्याचा हात धरून माझ्याकडे हलवला, स्वतः नाही हलवला. माझ्याकडे बघत होत्या, आणि चेहऱ्यावर तो ओळखीचा भाव आला.

"बरं, पाटणकर. ठेवते."

दार लोटलं गेलं. मी लिफ्टचं बटण दाबलं आणि उगाच थांबले, जुन्या सवयीने. या शब्दानंतर मला शांतताच ठाऊक होती. मग आतून एक कडी लागली. मग दुसरी. मग साखळीचा आवाज, हळू, एका हाताने, दोनदा चुकून तिसऱ्यांदा बसलेली.